अकरा गावे की दोन मुक्काम?



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे एकच विचारणा पुन्हा पुन्हा झाली. कुणी निवृत्त झाले आहे, फंडाचे पैसे हातात आले आहेत. कुणाच्या महिला मंडळाच्या भिशीतून बरी रक्कम जमली आहे. बोधगया, सारनाथ पाहून झाले. आता एकदा श्रीलंकेला जावे, म्हाताऱ्या आईवडिलांना न्यावे, अशी इच्छा आहे. हातात सहल कंपनीचे पत्रक आहे. त्यावर छापले आहे, ‘आठ दिवस, अकरा ठिकाणे’. विचारणारे म्हणतात, ‘अकरा ठिकाणे म्हणजे पैसा वसूल ना?’

आमचे उत्तर आहे, नाही. ठिकाणे मोजू नका, मुक्काम मोजा. जितके मुक्काम कमी, तितकी सहल सुखाची.

हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही आईला घेऊन अशाच एका धावत्या सहलीत उत्तरेकडची धम्मस्थळे पाहायला गेलो होतो. रोज पहाटे सामान बांधायचे, रोज रात्री नव्या गावात सोडायचे. कुशीनगरला पोहोचलो तेव्हा आईचे पाय सुजून चपलेत मावेनात. वीस मिनिटांत परत या, असे सांगण्यात आले. आई म्हणाली, ‘तुम्ही जाऊन या बाळांनो, मी इथूनच हात जोडते.’ जिथे तथागतांचे महापरिनिर्वाण झाले, तिथवर जाऊन आमची आई बसच्या खिडकीतून परतली. फोटो आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकातही आई नाही.

म्हणून श्रीलंकेला निघालो तेव्हा आम्ही आधी नकाशा घेऊन बसलो. मुक्कामाचे गाव निवडायला चार कसोट्या ठरवल्या. पहिली, उतरल्या जागेपासून पायी किंवा रिक्षाने पाच-दहा मिनिटांत जाता येईल असे मोठे विहार त्या गावात हवे. म्हणजे सकाळ-संध्याकाळ वंदनेला जाता येते. दुसरी, गावात बसस्थानक, दवाखाना आणि औषधाचे दुकान हवे. तिसरी, आसपासची ठिकाणे पाहून अंधार पडायच्या आत परत खोलीवर येता यावे. चौथी, खोली तळमजल्यावर मिळावी. या कसोट्यांना दोन गावे उतरली, अनुराधपूर आणि कँडी.

अनुराधपूरला चार रात्री ठेवाव्यात. कोलंबोपासून ते सुमारे 200 किलोमीटर आहे. विमानातून उतरल्या दिवशीच तिथे पोहोचलात तर त्या दिवशी दुसरे काही करू नका. आंघोळ, जेवण, झोप आणि संध्याकाळी महाबोधी, इतकेच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी इथे आणली. तो वृक्ष आजही उभा आहे. ती का आली, हे आपल्या भगिनींनी मुलींना जरूर सांगावे. महावंसात म्हटले आहे की राणी अनुला आणि तिच्याबरोबरच्या स्त्रियांना प्रव्रज्या हवी होती. महेंद्र थेरांनी सांगितले की स्त्रियांना दीक्षा द्यायला भिक्खुणीच हवी. म्हणून संघमित्रेला बोलावणे गेले. म्हणजे तो वृक्ष त्या देशात बायकांच्या मागणीबरोबर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुवनवेली स्तूप आणि थूपाराम करावा. दुपारी सक्तीने विश्रांती. तिथे ऊन कडक असते, स्तूपाच्या आवारात पादत्राणे चालत नाहीत आणि दुपारी फरशी तापते. संध्याकाळी जेतवन स्तूप पाहावा. राजा महासेनाच्या काळातला हा स्तूप संपूर्ण विटांचा आहे. मूळ उंची सुमारे 122 मीटर होती असे सांगतात. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर राबलेल्या माणसाने त्याच्यापुढे उभे राहावे, म्हणजे किती हातांचे काम आहे ते त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा दिवस मिहिंतलेचा. अनुराधपूरपासून ते 13 किलोमीटरच्या आसपास आहे. महेंद्र थेर आणि राजा देवानामपिय तिस्स यांची पहिली भेट याच डोंगरावर झाली. पायऱ्या 1840 आहेत, पण आकडा ऐकून घाबरू नका. गाडी जुन्या रस्त्याने बरीच वरपर्यंत जाते आणि पायऱ्या निम्म्याहून कमी उरतात. गाडीवाल्याला हे निघतानाच सांगावे. चौथा दिवस मोकळा ठेवावा. कपडे धुवावेत, तलावाच्या बांधावर फिरावे, पुन्हा महाबोधीला जावे. मोकळा दिवस म्हणजे पैसा वाया, असे मनात आणू नका. ज्याचा पाय दुखतो, ज्याचे पोट बिघडते, त्याच्यासाठी तो दिवस राखीव असतो.

पाचव्या दिवशी सामान गाडीत घालून कँडीकडे निघावे. वाटेत दंबुल्ला लागते. तिथे डोंगरात पाच लेणी आहेत. त्यांत बुद्धमूर्ती आणि छतभर रंगवलेली चित्रे आहेत. अजिंठा पाहिलेल्या माणसाला तिथे घरच्यासारखे वाटते. चढ आहे, पण टप्प्याटप्प्याने बसत जाता येते. सिगिरियाचा उंच खडक जवळच आहे. तो चढायला 1200 च्या आसपास पायऱ्या आहेत. तरुण मुलांची हौस असेल तर त्यांनी दंबुल्लाला दोन रात्री वाढवाव्यात. मग पोलोन्नरुवाची गलविहारातली दगडात कोरलेली भव्य बुद्धरूपेही एका दिवसात पाहून परतता येते. पण घरात वयस्क माणूस असेल तर ही दोन्ही ठिकाणे सोडावीत. सोडण्यात कमीपणा नाही.

कँडीला तीन रात्री पुरतात. हे गाव डोंगरात असल्यामुळे हवा थंड आहे. तळ्याकाठी दळदा मालिगाव म्हणजे दंतधातूचे विहार आहे. दिवसातून तीन वेळा पूजा होते. दंतधातू प्रत्यक्ष दिसत नाही, फक्त करंडक दिसतो. हे आधी माहीत असले की निराशा होत नाही. आम्ही पहाटेच्या पूजेला गेलो, कारण तेव्हा गर्दी कमी असते. एक दिवस पेरादेणियाच्या वनस्पती उद्यानात घालवावा. बाके आहेत, सावली आहे, डबा खायला जागा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मोठी मिरवणूक असते, तेव्हा खोल्या महाग होतात आणि मिळतही नाहीत. नोव्हेंबर 2025 मधल्या चक्रीवादळाने या डोंगराळ भागाचे मोठे नुकसान केले. म्हणून रस्ते आणि रेल्वेची चौकशी करूनच दिवस ठरवावेत.

कँडीत सावकाश राहिल्याचा आणखी एक फायदा झाला. चांगल्याबरोबर खटकणारेही दिसले. विहाराच्या परिसरात विष्णूचे आणि इतर देवांचे देवळे आहेत, बौद्ध लोक तिथेही फुले वाहतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी आपली पायरी ओळखून पुढे जावे, वाद घालू नये. दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची आहे. सियाम निकाय हा तिथला मोठा भिक्खुसंघ 1753 साली सुरू झाला. पुढे त्यात एका वरच्या जातीच्या लोकांनाच उपसंपदा मिळू लागली. ज्यांना दार बंद झाले ते ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेऊन आले आणि 1803 च्या सुमारास अमरपुर निकाय उभा राहिला. बुद्धाच्या संघातही जात शिरू शकते आणि नाकारलेली माणसे आपली वाट काढतात. हा धडा मुलांना तिथेच, तळ्याकाठी बसून सांगावा.

बाबासाहेब मे 1950 मध्ये या देशात गेले होते, तेव्हा त्याला सिलोन म्हणत. धम्मदीक्षेला अजून सहा वर्षे होती. तिथले आचार, विधी पाहावेत आणि धम्म लोकांच्या जगण्यात कितपत जिवंत आहे ते पारखावे, हा त्यांचा हेतू होता. आपणही त्याच नजरेने जावे. ती नजर धावत्या बसमधून साधत नाही. त्यासाठी एका गावात चार सकाळी उठावे लागते.

शेवटची रात्र नेगोंबोला काढावी. विमानतळ तिथून जवळ आहे, पहाटेच्या विमानाची धास्ती राहत नाही. वाटेत वेळ असेल तर कोलंबोजवळचे केळणियाचे विहार पाहावे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक असावी. प्रवासाच्या परवानगीचे नियम बदलत असतात, म्हणून सरकारी ठिकाणीच चौकशी करावी, दलालाच्या तोंडावर जाऊ नये. तिकीटखिडकीवर पासपोर्ट दाखवून सार्क देशांच्या नागरिकांचा दर विचारावा, तो कमी असतो. विहारात पांढरे, खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, तिथे तो अपमान समजतात. दर पौर्णिमेला तिथे सार्वजनिक सुटी असते, त्या दिवशी मटणाची व दारूची दुकाने बंद असतात. जेवण भात-कालवणाचेच असते, नारळाचे दूध जास्त. शाकाहारी माणसाने मात्र विचारून घ्यावे, कारण भाजीतही सुक्या मासळीची पूड घालतात. एका जागी तीन-चार रात्री राहणार म्हटल्यावर खोलीवाला दर कमी करतो, आणि गाडीभाडे वाचते ते वेगळेच.

अनुराधपूरच्या त्या मोकळ्या दिवशी आई पहाटे आमच्या आधी उठून तयार झाली. महाबोधीजवळ पांढऱ्या साड्यांतल्या बाया बसल्या होत्या. आई त्यांच्यात जाऊन बसली. त्यांची सिंहली तिला येत नव्हती, तिची मराठी त्यांना. त्यांनी त्रिसरण-पंचशील सुरू केले. उच्चार थोडे निराळे, पण शब्द तेच, जे आई चाळीतल्या विहारात दर रविवारी म्हणते. तिने आवाज मिसळला. शेजारच्या बाईने वळून पाहिले आणि आपल्या ओंजळीतली अर्धी फुले आईच्या ओंजळीत ठेवली. आई तिथे दोन तास बसली. कुणीही तिला ‘चला, गाडी निघाली’ म्हटले नाही.

पत्रक हातात आले की एवढेच विचारा, आमच्या आईला तिथे किती वेळ बसता येईल? उत्तर मिनिटांत आले तर पत्रक परत करा.

जय भीम!