फळीखालची जमीन

गेल्या कांहीं महिन्यांत वाचकांकडून आलेल्या पत्रांत एक प्रश्न फिरून फिरून येत आहे. घराची डागडुजी काढली असतां जुन्या फरशीवर व्हिनाइलच्या फळ्या बसवाव्या कीं नाहीं, हा तो प्रश्न होय. एका भगिनींनीं तर आपल्या घरांतील दोन तट आमच्यापुढें उभे केले आहेत. मुलगा व नवी सून यांस त्या फळ्या हव्या आहेत. सासूबाई विचारतात, 'प्लॅस्टिकवर देवांचा पाट मांडावयाचा काय?', आणि मामंजी वर्तमानपत्रांतून डोकें वर काढीत नाहींत.

आमचा व्यवसाय शिकविण्याचा होता, फरशा बसविण्याचा नव्हे. तथापि गेल्या पांच-सहा वर्षांत आप्तेष्टांच्या तीन घरीं हें काम झालें आणि त्यांपैकीं एका घरीं आम्ही स्वतः पाणसळ हातांत धरून उभे होतों. त्या तिन्ही घरांचा वृत्तांत सांगितला म्हणजे वाचकांस आपापला निर्णय करणें सोपें जाईल असें वाटतें.

प्रथम ही वस्तु कोणती तें पाहूं. पुष्कळ लोक तिला अद्याप लिनोलियम म्हणतात. तें बरोबर नाहीं. लिनोलियम हें फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थानें 1860 च्या सुमारास काढलें, आणि तें जवसाच्या तेलाचें. लॅटिन भाषेंत 'लिनुम' म्हणजे जवस, आपल्या संस्कृतांतली अतसी, आणि 'ओलेउम' म्हणजे तेल. व्हिनाइलचें कुळ निराळें आहे. खनिज तेलापासून निघणारा एक वायु आणि साध्या मिठापासून निघणारा क्लोरीन यांच्या संयोगानें तें होतें. वजनानें पाहतां त्यांत निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचाच असतो. मूळचा हा पदार्थ कडक व ठिसूळ. त्यास लवचिकपणा आणण्याची युक्ति वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनज्ञास 1926 सालीं साधली, आणि 1933 च्या शिकागो येथील प्रदर्शनांत व्हिनाइलची फरशी लोकांनीं पाहिली.

हल्लींची फळी साधारण चार फूट लांब, अर्धा फूट रुंद आणि चार ते आठ मिलिमीटर जाड असते. तिच्या पोटांत चुनखडीची पूड मिसळलेला कठीण गाभा, त्यावर सागवान किंवा ओक लाकडाचें छापील चित्र, आणि त्या चित्रावर पारदर्शक असें झिजेचें कवच. म्हणजे जें लांकूड आपण पाहतों तें लांकडाचें छायाचित्र आहे. 'लक्झरी' हें विशेषण विकणारांनीं जोडलेलें आहे. वापरणारांनीं तें मनावर घेऊं नये. लक्ष द्यावयाचें तें वरच्या कवचाकडे. त्याची जाडी 'मिल' या मापानें सांगतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे. बारा मिल म्हणजे 0.3 मिलिमीटर आणि वीस मिल म्हणजे 0.5 मिलिमीटर. दुकानांत 'सहा मिलिमीटरचा माल' म्हणून सांगतात तेव्हां ती सगळ्या फळीची जाडी असते. कवच किती, हें निराळें विचारावें लागतें, आणि हा प्रश्न ऐकून दुकानांतील तरुण आंत जाऊन कोणास तरी विचारून येतो असा आमचा अनुभव आहे.

आतां पहिलें घर. पुण्यास आमचे वडील बंधू तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या घरीं चकचकीत विट्रिफाइड फरशी आहे. चार वर्षांपूर्वीं आमच्या वहिनी, वय अठ्ठ्याहत्तर, पहांटे उठून खोलींतून बाहेर निघाल्या आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया, मग तीन महिने अंथरूण, मग वॉकर. उंच आवाजांत साऱ्या घरावर हुकूम चालविणारी ही बाई जमिनीकडे पाहून पाऊल टाकूं लागली. तेव्हां पुतण्यानें वहिनींची खोली व बाहेरचा बोळ एवढ्या भागांत फरशीवरच या फळ्या बसविण्याचें ठरविलें.

काम दोन दिवसांत झालें. फळ्यांच्या कडांस खांचा असतात. एकींत दुसरी तिरकी घालून दाबली कीं टक् असा आवाज होऊन ती बसते. खालीं डिंक नाहीं, खिळा नाहीं. सगळी जमीन जणूं एक सतरंजी अंथरल्यासारखी मोकळी पडलेली असते. आम्हीं पाहिलें तें असें कीं, कारागिरानें फळ्यांचीं खोकीं दोन दिवस त्याच खोलींत आडवीं ठेवविलीं, कारण खोलीच्या उष्णमानाची त्यांस संवय व्हावी लागते. मग दहा फुटांची सरळ पट्टी फरशीवर सर्व दिशांनीं फिरवून पाहिली. दहा फुटांत पांच मिलिमीटरहून अधिक उंचसखलपणा नको, असा त्याचा नियम. दोन जागीं खळगे निघाले, ते त्यानें भरून घेतले. अर्धा दिवस यांतच गेला, आणि बंधूंची कुरकुर चालू होती कीं हा मनुष्य फळी केव्हां हातांत घेणार!

परिणाम चांगला झाला. पायांस दगडासारखा गारठा लागत नाहीं, आणि कोरडी असतां तीवर पाऊल धरतें. ओली असतां तीही निसरडी, हें विसरूं नये. म्हणून न्हाणीघराच्या दाराशीं मुलाम पायपुसणें हवेंच. पडल्यास हाड मोडणार नाहीं अशी हमी कोणतीही जमीन देत नाहीं. वहिनींस विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "भावोजी, आतां पहांटे पाऊल टाकतांना देवाचें नांव घ्यावें लागत नाहीं. संवयीनें घेतें, तेवढेंच." एक व्यंग मात्र राहिलें. पलंगाजवळ वॉकर जेथें रोज उभा राहतो तेथें त्याच्या चार रबरी टोप्यांचे चार पिवळट डाग उमटले आहेत. रबरांतील द्रव्यें व्हिनाइलमध्यें उतरतात. तो डाग वरचा नसतो, म्हणून पुसून जात नाहीं. रबरी तळाचीं पायपुसणीं या जमिनीवर घालूं नयेत तें याच कारणानें. विणलेलीं घालावीं.

दुसरें घर रत्नागिरीकडील आमच्या स्नेह्यांचें. कौलारू, बैठें, आजोबांच्या वेळचें. माजघरास शेणाचें सारवण होतें, त्यावर पुढें सिमेंटचा कोबा झाला. मुंबईहून मुलें सुटींत येतात, त्यांस बरें वाटावें म्हणून त्या कोब्यावर फळ्या घातल्या. माघांत काम झालें. पाहणारानें वाखाणावें असें झालें. श्रावणांत खोलींत कुबट वास येऊं लागला. एक कोपरा उचलून पाहिला तों फळीच्या पोटाशीं घाम फुटलेला, आणि कोब्यावर काळ्या बुरशीची नक्षी.

यांत फळीचा दोष नव्हता. विक्रेते 'पाण्यास दाद न देणारी' म्हणतात तें खरें आहे. फळी पाणी पीत नाहीं. परंतु तोच गुण येथें बाधक झाला. कोंकणांतील जमीन पावसाळाभर ओल वर सोडते. सारवणांतून व कोब्यांतून ती ओल हळूहळू हवेंत निघून जात असे. तिच्यावर झांकण पडल्याबरोबर ती आंतच कोंडली. जुन्या कोब्याखालीं ओल अडविणारा थर नसतो. अशा घरीं काम काढण्यापूर्वीं एक सोपी परीक्षा आहे. दीड फूट लांब-रुंद असा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर अंथरून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या आणि एक दिवस व एक रात्र तसाच ठेवावा. उचलतांना आंतून पाण्याचे थेंब दिसले किंवा जमीन काळवंडली असली तर फळीचा विचार सोडावा. ही परीक्षा पावसाळ्यांत करावी. माघांत केली तर ती आपणांस हवें तेंच उत्तर देईल.

तिसरें घर समुद्रापलीकडील आहे. या फळ्यांचा खरा सुकाळ अमेरिकेंत, आणि तेथें आपलीं मराठी कुटुंबेंही त्या घालीत असल्यामुळें तिकडचा अनुभव येथें गैरलागू ठरूं नये. आमची पुतणी न्यू जर्सींत राहते. तेथील घरें बहुधा लांकडी सांगाड्याचीं, जमीन प्लायवुडची, तिच्यावर गालिचा. तो काढून नवराबायकोंनीं दोन शनिवार-रविवारीं स्वतःच फळ्या बसविल्या. करवतही लागली नाहीं; सुरीनें रेघ ओढून गुडघ्यावर मोडली कीं फळी सरळ तुटते. जांवई संगणकाच्या कामांतले, हिशेबांत पक्के. परंतु प्लायवुडच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर जो उंचवटा होता तो त्यांनीं तसाच राहूं दिला. वर्षाच्या आंत त्या जागेवरून चालतांना करकर आवाज येऊं लागला, आणि फळ्यांच्या खांचा तुटून फट पडली. शिवाय कांचेच्या मोठ्या दाराशीं उन्हाळ्यांत जमीन पोट फुगवून वर आली. ऊन लागतां व्हिनाइल वाढतें. म्हणून भिंतीपासून पाव इंच जागा सभोंवार मोकळी ठेवावयाची असते व ती पट्टीखालीं झांकावयाची असते. त्यांनीं फळी भिंतीस अगदीं भिडविली होती. दुसऱ्या वर्षीं सगळें उचलून, उंचवटा घासून, पुन्हां बसविलें, तेव्हांपासून तक्रार नाहीं. उचलून पुन्हां बसवितां येतें, हा या जातीचा मोठाच गुण म्हणावयाचा.

तिकडे याविषयीं आणखी एक वाद झाला. व्हिनाइल मऊ करण्यासाठीं थॅलेट नांवाचीं द्रव्यें घालीत, आणि रांगणाऱ्या मुलांस तीं अपायकारक अशी शंका उत्पन्न झाल्यावर होम डेपो व लोज या तेथील दोन मोठ्या दुकानांनीं 2015 सालीं असा माल ठेवणें बंद करण्याचें जाहीर केलें. ज्यांच्या घरीं लहान मूल आहे त्यांनीं थॅलेट नसल्याचा कागद मागून घ्यावा, आणि काम झाल्यावर कांहीं दिवस खिडक्या उघड्या टाकाव्या.

आतां सासूबाईंचा प्रश्न. आमचें मत त्यांच्या बाजूचें आहे, आणि तें शास्त्राधारानें नव्हे. देवघरांत निरांजन कलंडतें, कापूर उडतो, समईचें तेल ओघळतें. दगडी फरशी हें सर्व निमूट सोसते; व्हिनाइलवर पेटती वात पडली तर कायमचा व्रण राहतो, आणि तें जळूं लागलें म्हणजे निघणारा धूर घशास झोंबणारा, आम्लाचा असतो. स्वयंपाकघराचेंही तेंच. पंगतीच्या वेळीं चुलीवरून उतरलेलें पातेलें आपण जमिनीवर टेकवितों. हळद सांडते आणि ती तत्काळ पुसली नाहीं तर पिवळी खूण ठेवते. या दोन जागीं शहाबादी असेल तर तिला हात लावूं नये. उंबऱ्यापाशीं रांगोळी असते. तिच्यांतील रेती पायांबरोबर आंत येऊन कवच घासते, तेथेंही दगडच बरा. निजण्याच्या व अभ्यासाच्या खोल्यांत, विशेषतः वरच्या मजल्यावर व वृद्धांच्या वावराच्या जागीं, फळ्या अवश्य घालाव्या.

पुसण्याविषयीं दोन शब्द, कारण आपल्या घरीं बादलीभर पाणी ओतून पोतेरें फिरविल्याशिवाय फरशी स्वच्छ झाली असें कोणास वाटत नाहीं. येथें पिळलेलें फडकेंच वापरावें. ओतलेलें पाणी फळी पीत नाहीं, पण सांध्यांतून खालीं जाऊन तेथेंच मुक्काम करतें. पुसणाऱ्या बाईंस काम सुरू होण्यापूर्वींच हें समजावून सांगावें आणि त्यांचें मतही घ्यावें. पुण्याच्या घरीं तें घेतलें, आणि 'पलंगाखालीं फडकें शिरेल एवढी जागा ठेवा' ही सूचना त्यांचीच. लोखंडी कपाट ओढीत नेऊं नये, उचलून ठेवावें. आणि एकाच खोलीच्या दोन टोकांस दोन जड कपाटें ठेवून जमीन जखडूं नये, नाहींतर मधले सांधे उघडतात.

शेवटीं, जरुरीपेक्षां एक खोकें अधिक घ्यावें. पुढें एखादी फळी बिघडली तर तोच रंग दुकानांत मिळेल असें नाहीं. छपाईचा घाणा बदलला कीं छटा बदलते. आमच्या वहिनींनीं तें खोकें आपल्या पलंगाखालीं आडवें ठेवविलें आहे, फडक्यास जागा सोडून.