गुणपत्रिकेवरील विद्यापीठाचें नांव

पदव्युत्तर अभ्यासाकरितां अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर दोन गोष्टी ठळकपणें छापिलेल्या असतात. एक त्याचे गुण व दुसरी त्याच्या विद्यापीठाचें नांव. निवड करणारांची दृष्टि प्रथम कशावर पडते, हा प्रश्न आपल्या शाळेंतून निघून घराजवळच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचा आहे.

इंग्लंडांतील कित्येक विद्यापीठांनीं याचें उत्तर उघडपणें दिलें आहे. त्यांनीं भारतांतील संस्थांच्या श्रेणी लाविल्या असून एकीच्या पदवीधरास ६० टक्के पुरतात, तर दुसरीच्यास ६५ किंवा ७० लागतात. हा निव्वळ पक्षपात आहे असें मात्र म्हणवत नाहीं. उत्तरपत्रिका तपासणाराचा हात सर्वत्र सारखा नसतो. कोठें ६० टक्के दुर्मिळ, तर कोठें ८० सुलभ. पण माप निराळें आहे एवढें कळल्यावर धान्यच हिणकस ठरविणें हा कोठला न्याय? मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, गडचिरोलीचें गोंडवाना विद्यापीठ २०११ सालीं. दीडशें वर्षांचा लौकिक इतक्या अल्पावधींत कोठून यावा? विद्यार्थी तेथें जातो तो बहुधा घर जवळ आणि खर्च थोडा म्हणून. परिस्थितीचा दंड त्यानें एकदां भरलेलाच असतो. नांव पाहून त्याचे गुण कमी लेखणें म्हणजे तोच दंड पुन्हां वसूल करणें होय.

सर्वांची एकच परीक्षा घ्यावी, असें कित्येक सुचवितात. अनेक केंद्रीय विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशाकरितां २०२२ सालापासून तशी सामायिक परीक्षा सुरू झाली व तिनें नांवाचा भार पुष्कळ हलका केला, हें मान्य केलें पाहिजे. परंतु एका बैठकींत पर्याय निवडून तीन वर्षांचा व्यासंग, प्रयोगशाळेंतील हाताचें कसब किंवा स्वतःच्या शब्दांत विचार मांडण्याची शक्ति कशी दिसावी? शिवाय तयारीचे चांगले शिकवणीवर्ग बहुधा शहरांतच. (ते चालविणारांचा उत्कर्ष मात्र निश्चित!)

आमच्या मतें विद्यार्थ्यास त्याच्या सहाध्यायांच्या पंक्तींत उभें करून पाहावें. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानानें १९९७ सालीं कायदा करून प्रत्येक शाळेंतील वरच्या १० टक्के मुलांस सरकारी विद्यापीठांचीं द्वारें उघडीं केलीं. मग शाळा नामांकित असो वा आडगांवची. पुढें ऑस्टिन येथील विद्यापीठाकडे इतकी रीघ लागली कीं, तेथें मर्यादा घालावी लागली, ही गोष्ट निराळी. तो नियम शाळेंतून येणारांचा असला तरी त्याचें तत्त्व पदवीधरांसही लागू पडेल. गुणपत्रिकेवर टक्क्यांशेजारीं विद्यार्थ्याचा क्रमांक व परीक्षेस बसलेल्यांची संख्या छापावयास कितीशी शाई लागणार? २०० जणांत पांचव्या आलेल्याचे ५८ टक्के आणि शंभराव्या आलेल्याचे ७५ टक्के यांचा अर्थ मग कोणासही लागेल. त्यानंतर निवडक उमेदवारांस तासभर विषयाचे प्रश्न विचारावे. त्यासाठीं गडचिरोलीच्या मुलानें पुण्या-दिल्लीचें गाडीभाडें खर्चण्याचेंही आतां कारण नाहीं. संगणकाच्या पडद्यावर समोरासमोर बोलतां येतें.