पायदुखीवर उपाय तेल नव्हे, स्टूल

परभणीच्या बाजारपेठेत कापडाच्या कोणत्याही मोठ्या दुकानात दोन प्रकारची माणसे दिसतात. गल्ल्याशी गादीच्या खुर्चीवर बसलेला मालक आणि मांडणीशी उभा असलेला नोकर. लग्नसराईत हा नोकर किंवा ही विक्रेती सकाळपासून रात्री शटर पडेपर्यंत उभी असते. घरी गेल्यावर पोटऱ्यांत गोळे येतात, टाचा ठणकतात, घोट्यांवर सूज दिसते. मग मिठाचे गरम पाणी, तिळाचे तेल, पायांखाली उशी असे उपचार सुरू होतात. हे उपचार वाईट नाहीत. रात्रीपुरता आराम त्यांनी पडतो. परंतु दुखण्याचे कारण दुकानात आणि उपचार घरात, अशी ही विभागणी आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत, धंद्याचा एक खर्च मालकाच्या खातेवहीतून उचलून नोकराच्या शरीरावर टाकलेला आहे.

शरीराचा हिशेब सरळ आहे. पायांतील रक्त हृदयाकडे वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या आकुंचनाने. चालणाऱ्याची पोटरी पंपाचे काम करते. एका जागी उभे राहिले की हा पंप मंदावतो. रक्त खाली साचते, शिरांतील झडपांवर ताण येतो आणि काही वर्षांत शिरा फुगून गाठाळतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की रक्तवाहिन्या सैलावतात व सूज आणखी वाढते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात सुमारे ७३०० कामगारांची प्रकृती १२ वर्षे तपासली गेली. मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका, मुख्यतः बसून काम करणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट आढळला. २०१८ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष पाहता पायदुखी हे किरकोळ गाऱ्हाणे उरत नाही.

कायद्याला हे उमगले नव्हते असे नाही. ब्रिटिश पार्लमेंटने १८९९ सालीच दुकानांत दर तीन स्त्री-नोकरांमागे एक आसन ठेवण्याची सक्ती केली. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपून परभणी मुक्त झाली, त्याच महिन्यात भारताचा कारखाने कायदा संमत झाला. त्याच्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय आवश्यक ठरवली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६४ च्या करारात दुकाने व कचेऱ्यांनाही हेच तत्त्व लावले. निजाम गेला, जहागिरी गेल्या. पण मालकासमोर चाकराने बसायचे नाही, ही जहागिरी रीत मात्र दुकानाच्या काउंटरमागे सुखाने नांदते आहे.

या रीतीचे समर्थन करणारे म्हणतात की, उभे राहणे हा ग्राहकाचा मान आहे. हा मान आला कोठून? जुन्या पेठांत कापडाचा व्यापारी पांढऱ्या गादीवर बसून गाठोडी सोडी, ग्राहकही समोर बसे, आणि त्यात कोणाचा अवमान होत नसे. आजही सराफ बसूनच सोने तोलतो. बसलेला नोकर आळसावतो, हा दुसरा आक्षेप. मग दिवसभर गल्ल्यावर बसणारा मालक आळशी ठरतो काय? दुकानात जागा नाही, हा तिसरा. जेथे साड्यांचे ढीग छताला भिडतात, तेथे हातभर स्टुलालाच जागा मिळू नये, हे पटण्यासारखे नाही.

हा प्रश्न लढ्याने सुटतो, हे केरळने दाखवले. कोळिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजाररस्त्यावरील विक्रेत्या स्त्रिया पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या कार्यकर्तीच्या नेतृत्वाखाली ‘पेण्‌कूट्टु’ या नावाने एकत्र आल्या. त्यांची पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती, पुढची बसण्याची. प्रस्थापित कामगार संघटनांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटला नव्हता. तरीही २०१८ साली केरळला दुकान कायदा बदलावा लागला. २०२१ साली तमिळनाडूनेही तसेच केले.

महाराष्ट्र उलट्या दिशेने चालला आहे. १९४८ चा मुंबई दुकाने कायदा एका नोकराच्या दुकानालाही लागू होऊ शके. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने जवळजवळ मोकळी सोडली. २०२५ साली ही मर्यादा वीसवर नेण्यात आली आणि रोजचे कामाचे तास नऊवरून दहा करण्यात आले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला लागू झालेल्या केंद्राच्या सुरक्षा व आरोग्य संहितेत बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे खरा. पण तीही सामान्यतः दहा कामगारांपासून पुढे. सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूरच्या बाजारांत दुकाने बहुशः दोन-चार नोकरांची. म्हणजे ज्यांना स्टुलाची गरज आहे, त्यांनाच कायदा उंबऱ्यावरून परत पाठवतो. पोटरी मात्र दुकानात किती नोकर आहेत हे मोजून दुखत नाही.

शंभर किलोचे पोते पन्नासवर यावे म्हणून हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्या वेळीही धंदा बुडेल, अशीच ओरड झाली होती. धंदा बुडाला नाही, पाठी वाचल्या. दुकान नोकरांच्या बाबतीत श्रमिक चळवळीने मात्र पगार-बोनसापलीकडे फारसे पाहिले नाही. कार्यकर्त्यांनी आता तालुक्यातालुक्यांत दुकानांची पाहणी करावी: नोकर किती, स्टुले किती, बसण्याची मुभा कोणाला. व्यापारी संघटनांशी बोलणी करून प्रत्येक मांडणीमागे एक स्टूल, आळीपाळीने पाय टेकवण्यासाठी लाकडी पाट, कडक फरशीवर रबरी चटई आणि ग्राहक नसताना बसण्याची उघड मुभा मिळवावी. स्टुलाची किंमत एका बऱ्या साडीहून जास्त नाही. आणि विधिमंडळाकडे एकच मागणी न्यावी: नोकरांची संख्या कितीही असो, प्रत्येक दुकानात बसण्याचा हक्क कायद्याने द्या. स्टूल ही मालकाची मेहेरबानी राहिली, तर मंदी येताच ते पहिल्यांदा माळ्यावर जाईल. हक्क झाले, तरच ते काउंटरमागे टिकेल.