एच.आर. खातं आणि तुमचा रक्तदाब

"डॉक्टर, गोळी बदलून द्या, ही लागूच पडत नाही." चाळिशीतले गृहस्थ, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. रक्तदाब 160/100. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, तंबाखू नाही. शेवटी विचारलं, ड्युटी कशी असते? एक आठवडा रात्रपाळी, मग दुपारची, मग सकाळची. दोन जण नोकरी सोडून गेल्यापासून बऱ्याचदा रविवारीही जावं लागतं. त्यांच्या जागा भरल्या नाहीत, त्यांचं काम मात्र उरलेल्यांत वाटलं गेलं.

मनुष्यबळ व्यवस्थापन म्हटलं की आपल्याला मुलाखत, पगारपत्रक आणि बोनस आठवतो. पण त्याचा पाया साधा आहे: काम किती, त्याला माणसं किती लागतील, त्यांना शिकवायचं कसं, पाळ्या आणि रजा कशा लावायच्या, तक्रार कोणी ऐकायची. यातली माणसांची संख्या आणि पाळ्या या दोन गोष्टी थेट शरीराला भिडतात.

पाळ्यांचंच घ्या. आपल्या शरीरातलं झोपेचं घड्याळ पुढे ढकलणं सोपं, मागे ओढणं कठीण. म्हणून सकाळ, दुपार, रात्र हा क्रम त्यातल्या त्यात सोसतो. या गृहस्थांचा क्रम नेमका उलटा होता. तो सुलटा करायला कंपनीला फारसा खर्चही येत नाही.

तासांचंही तसंच. 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा जास्त तास राबणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो, हृदयविकाराने मृत्यूचा 17 टक्के. कंपन्यांच्या आरोग्य शिबिरांना मीही जातो. रक्तदाब मोजतो, 'ताण कमी करा' असं सांगतो. माणूस मान हलवतो आणि परत त्याच पाळीवर जातो!

उपदेश करणारा मीही काही वेगळा नाही. माझ्या दवाखान्यात रिसेप्शनवरच्या ताई फोन, नंबर, बिलं, फाइली सगळं एकट्या बघायच्या. मी त्यांना 'समजूतदार' म्हणायचो. त्यांचं डोकं दुखायचं, मी गोळी द्यायचो. सहा महिने! संध्याकाळसाठी आणखी एक मदतनीस ठेवावा, हे मला सुचलं नाही. ते माझ्या बायकोने सांगितलं. डोकेदुखी पूर्ण गेलेली नाही, पण आता गोळ्यांची एक पट्टी महिनाभर पुरते.

तेव्हा दवाखान्यात येताना रिपोर्टांबरोबर पाळ्यांचा तक्ताही आणा. रात्रपाळीत रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. वेळ मनाने बदलू नका. आणि गरज असेल तर चिठ्ठी मागायला लाजू नका.

त्या गृहस्थांना मी कंपनीच्या नावाने चिठ्ठी दिली. पाळ्यांचा क्रम बदलला, झोप सुधारली. रक्तदाब अजून हवा तितका उतरलेला नाही. त्या दोन जागा अजून रिकाम्याच आहेत.