पट्ट्यापट्ट्यांचा रुमाल

मुलांनो, विणकाम म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? थंडीचे दिवस, लोकरीचा गुंडा आणि स्वेटर विणणारी आई किंवा आजी. म्हणून मी जर म्हटले, ‘या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन सुया घ्या आणि एक सुती रुमाल विणा,’ तर तुम्ही हसाल. मुलगे तर जास्तच हसतील. पण माझे ऐका. विणकाम हे केवळ थंडीतले काम नाही आणि केवळ मुलींचेही नाही.

‘रुमाल’ हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो फारसीतून मराठीत आला. ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहरा पुसायचा तो रुमाल. त्यासाठी सूतच हवे, कारण सूत घाम टिपून घेते. सुयांवर विणलेल्या जगातील सर्वांत जुन्या वस्तूंमध्ये इजिप्तमध्ये सापडलेले काही मोजे आहेत. ते सुमारे ८०० ते १००० वर्षांपूर्वीचे आहेत आणि निळ्या-पांढऱ्या सुताचे आहेत! पुढे युरोपातील शहरांत विणणाऱ्यांचे संघ निघाले. त्यांत मुख्यतः पुरुष कारागीर होते. मग आपल्या मुलग्यांनी लाजायचे कशाला?

रुमाल विणणे अवघड नाही. निळे आणि पांढरे जाड सूत घ्या. निळ्या सुताचा तुकडा आधी पाण्यात भिजवून पाहा. रंग जात असेल तर ते सूत नको. सुईवर चार टाके घाला. सगळ्या ओळी सुलट टाक्यांनी विणा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवा आणि दर दोन ओळींनी रंग बदला. दोन ओळी झाल्या की आपण पुन्हा त्याच कडेला येतो, म्हणून धागा तोडावा लागत नाही. हळूहळू पट्ट्यांचा त्रिकोण मोठा होत जातो. तो डोक्याला बांधता येईल एवढा झाला की टाके बंद करा.

मधेच एखादा टाका सुटेल. घाबरू नका. माझा पहिला रुमाल मी तीन वेळा उसवला. वाईट वाटले, पण सूत वाया गेले नाही. चूक मान्य केली की पुन्हा सुरुवात करता येते, हे मी त्या रुमालाकडून शिकलो.

कोणी म्हणेल, ‘बाजारात रुमाल स्वस्त मिळतो. मग एवढी मेहनत कशाला?’ खरे आहे. पैसे वाचवण्यासाठी हा रुमाल विणायचाच नाही. मालेगाव आणि भिवंडी येथे कितीतरी घरांची रोजीरोटी यंत्रमागावर चालते. तुमच्यापैकी कोणाचे अब्बा किंवा चाचा मागावर काम करत असतील. मागावर उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड होते. सुयांवर एकाच धाग्याचे फासे एकमेकांत गुंततात. रीत वेगळी, पण लक्ष आणि धीर दोन्हीकडे हवा. एक वीतभर कापड विणायला किती वेळ लागतो हे ज्याने स्वतः अनुभवले, तो कापडाला कधी क्षुल्लक मानणार नाही. रात्रपाळी करून घरी आलेल्या अब्बांच्या हातांकडेही तो वेगळ्या नजरेने पाहील.

तेव्हा मुलांनो, या सुट्टीत एक रुमाल विणाच. तो थोडा वाकडा झाला तरी चालेल. घरातून भर उन्हात कामाला जाणाऱ्या माणसाच्या हाती तो द्या.