पिल्लाला शिस्त हवी, शिक्षा नको

आपल्या शाळेत 'शिस्त' हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडतो. तरीही एखाद्या कॅडेटला त्याचा अर्थ विचारा, तो लगेच शिक्षेबद्दल बोलू लागेल. ग्राउंडला जादा राउंड, फ्रंट रोल, रविवारी फटीग. माझं मत असं आहे की शिस्त आणि शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला हे पटत नसेल त्याने घरी कुत्र्याचं लहान पिल्लू वाढवून बघावं.

आमचं घर जयपूरला सोडाला भागात, अजमेर रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गल्लीतल्या कुत्रीचं एक पिल्लू दोन महिन्यांचं झाल्यावर घरी आणलं. रंग तांब्याच्या भांड्यासारखा, म्हणून आजीने नाव ठेवलं तांब्या. शेजाऱ्यांना मराठी येत नाही, ते त्याला 'तंबू' म्हणतात. तो दोन्ही नावांना धावत येतो.

पिल्लू घरात आलं की सगळ्यांना तेच तीन प्रश्न पडतात. कुठेही शू करतं, काय करायचं? हात-पाय चावतं, काय करायचं? रात्रभर रडतं, काय करायचं? आणि गल्लीतल्या प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. एक काका म्हणाले, नाक शूमध्ये घासा. दुसरे म्हणाले, वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक ठेवून द्या. तिसरे म्हणाले, रात्री गच्चीवर बांधा, दोन दिवसांत गप्प बसेल. तिन्ही उत्तरं शिक्षेची आहेत आणि माझ्या मते तिन्ही चुकीची आहेत.

आधी शूचा प्रश्न घेऊ. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ शू धरता येत नाही. शरीरच तेवढं तयार झालेलं नसतं. जे त्याला जमतच नाही त्यासाठी मारून काय मिळणार? झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर दर वेळी त्याला एकाच जागी न्यायचं. तिथे शू केली की त्याच क्षणी शाबासकी द्यायची. हे म्हणजे आपलं टाइमटेबलच झालं.

चावण्याचंही तसंच. चौथ्या महिन्यापासून पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागतात आणि हिरड्या शिवशिवतात. तेव्हा हाताऐवजी चावायला दुसरं काहीतरी द्यायचं, आणि तरीही हाताला चावलं तर खेळ तिथेच थांबवायचा. मात्र रक्त आलं तर लपवायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही, म्हणून तीन महिन्यांच्या पिल्लाला लस देणं आणि आपण वेळेवर इंजेक्शन घेणं, यात चालढकल नको.

रडण्याबद्दल तर आपल्यापैकी कुणाला समजावून सांगायची गरज नसावी. सहावीत आलो तेव्हा पहिल्या रात्री डॉर्मिटरीत किती जणांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं ते आठवा. पिल्लू तर आई आणि भावंडांच्या उबेतून एकदम फरशीवर आलेलं असतं. सुरुवातीच्या रात्री त्याचं अंथरूण आपल्या पलंगाजवळ ठेवलं तर ते बिघडत नाही, निर्धास्त होतं.

यावर लोक म्हणतात, "त्याला सगळं कळतं. रागावलो की बघ कसं अपराध्यासारखं तोंड करतं." अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने 2009 साली नेमकं हेच तपासलं. काही मालकांना सांगितलं की कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला, पण प्रत्यक्षात त्यातल्या काही कुत्र्यांनी तो खाल्लेलाच नव्हता. तरी मालक रागावल्यावर त्यांनीही तेच अपराधी तोंड केलं. म्हणजे ते तोंड चूक कळल्याचं नव्हतं, समोरच्याचा आवाज चढल्याचं होतं. हे वाचल्यावर मला वाटलं, रोल कॉलला मान खाली घालून उभ्या असलेल्या ज्युनिअरला काय कळलं असेल, हाही प्रश्न विचारायला हवा.

कुणी म्हणेल, लाडाने कुत्रं डोक्यावर बसतं. बरोबर आहे. लाड म्हणजेही शिस्त नाही. ताटातला घास द्यायचा नाही, हा नियम केला तर तो आजीनेही पाळायचा आणि सुट्टीत चार दिवस येणाऱ्या मीही. आई नको म्हणते आणि मी टेबलाखालून देतो, असं झालं तर पिल्लू कुणाचं ऐकणार? नियम थोडे हवेत, रोज तेच हवेत आणि सगळ्यांना सारखे हवेत. मारण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण यात आधी स्वतःला शिस्त लावावी लागते. मे महिन्यात जयपूरचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि डांबरी रस्त्यावर पंजे भाजतात. तेव्हा तांब्याला फिरवायचं तर पहाटे उठावं लागतं. त्याला नाही, घरच्यांना.

सैन्यातले कुत्रे आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये अनंतनागच्या कारवाईत 'झूम' नावाचा कुत्रा गोळ्या लागूनही अतिरेक्यांशी भिडत राहिला आणि पुढे श्रीनगरच्या रुग्णालयात गेला. काठीच्या भीतीने कुणी असं पुढे जात नाही. कुत्रा आणि त्याचा हँडलर रोज सोबत काम करतात, त्यातून जो विश्वास तयार होतो तो असं करायला लावतो.

उलट मार खाल्लेलं पिल्लू घाबरट होतं, आणि घाबरलेलं कुत्रं चावतं. मग "हे सुधारत नाही" म्हणून कुणीतरी ते लांबच्या रस्त्यावर सोडून येतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार असं सोडून देणं गुन्हा आहे, तरी हे सर्रास चालतं. जयपूरमध्ये 'हेल्प इन सफरिंग' ही संस्था 1994 पासून रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करते आहे. एकीकडे अशी माणसं वर्षानुवर्षं खपतात आणि दुसरीकडे आपण घरातली कुत्री रस्त्यावर आणून सोडतो, हे मला पटत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी बरेच जण घरी पिल्लाचा हट्ट धरतील. आधी आईला विचारा, कारण आपण शाळेत परतल्यावर दर तीन तासांनी उठणार आहे ती. ती हो म्हणाली तर सुट्टीभर पहाटेची पाळी तुम्ही घ्या आणि हात उगारणाऱ्या काकांना नम्रपणे 'नाही' म्हणा. पिल्लू शिकेल, थोडा वेळ लागेल. आपल्यालाही ड्रिल एका दिवसात कुठे आलं होतं?