कोणता डेव्हिड?

फ्लॉरेन्सहून आलेला कोणी 'मायकेलँजेलोचा डेव्हिड पाहिला' असे सांगू लागला की मी हळूच विचारतो, "कोणता?" प्रश्न खवचट आहे खरा, पण उगाच नाही. नगरवाड्यासमोरच्या चौकात १५०४ साली उभा राहिलेला मूळ पुतळा ऊनपावसापासून वाचवण्यासाठी १८७३ मध्ये अकादमीच्या छपराखाली नेला. चौकात आज दिसते ती १९१० साली बसवलेली नक्कल.

आता गंमत पाहा. जागा खरी तर पुतळा खोटा, आणि पुतळा खरा तर जागा परकी! शंभराहून अधिक वर्षे मुळाच्या वाट्याचा पाऊस ही नक्कल अंगावर घेते आहे. तिला 'खोटी' म्हणताना माझी तरी जीभ अडखळते. पण १५२७ च्या दंगलीत वाड्यातून फेकलेल्या बाकाने मुळाचा डावा हात मोडला, तो पुढे सांधावा लागला. ते दुखणे काही नकलेने भोगलेले नाही. माझ्या लेखी अस्सलपणा आहे तो तिथे, त्या सांध्यात.

संग्राहकांचे गणित निराळे. ऐन तारुण्यात खुद्द मायकेलँजेलोने घडवलेला निजलेला क्युपिड एका दलालाने प्राचीन म्हणून कार्डिनल रिआरिओच्या गळ्यात मारला. लबाडी कळताच कार्डिनलने पुतळा परत करून पैसे वसूल केले. शिल्पकाराला मात्र १४९६ साली रोमला बोलावून घेतले! तो क्युपिड पुढे नाहीसा झाला. आज कुठे सापडलाच, तर 'बनावट' म्हणून तो परत करायला कोण धजेल?